संगीत नाटक घरी बघताना

संगीत नाटकाची ओढ असलेल्या माणसानं आज प्रयोगाची वाट बघत बसायचं म्हटलं तर उपासच घडेल. आमच्या डोंबिवलीत नाट्यगृह आहे, शनिवार-रविवार नाटकं लागतात, पण त्यांत संगीत नाटक वर्षाकाठी एखादं. त्यातून सासूबाईंना आता पायऱ्या झेपत नाहीत. म्हणून आमच्या घरी मुद्रित प्रयोगांचा रतीब सुरू झाला. दूरदर्शननं केलेली चित्रीकरणं, व्हीसीडीच्या जमान्यात निघालेले संच, हौशी मंडळींनी आपापल्या प्रयोगांची करून यूट्यूबवर चढवलेली चित्रीकरणं आणि नुसत्या आवाजाच्या कॅसेटी, जे मिळेल ते आम्ही लावतो. सासूबाई सांगलीच्या. नाटककार देवलांचं हरिपूर त्यांच्या माहेराहून पायी जाण्यासारखं, आणि दुसरे नाटककार खाडिलकर तर सांगलीचेच. त्यामुळे या नाटकांवर त्यांचा हक्क आहे असं त्या धरूनच चालतात. त्यांच्या शेजारी बसून बघताना, कधी त्यांच्याशी वाद घालताना, जे पटत गेलं ते इथे मांडते. क्रमाला फारसा अर्थ नाही. पहिला मुद्दा मात्र पहिलाच.

१. पदं सुटी ऐकू नका, अख्खं नाटक लावा

यूट्यूबवर पदाचं नाव टाकलं की नेमकं तेवढं पद पुढ्यात येतं. त्याला मागचा प्रवेश नसतो, पुढचा नसतो. चार-पाच मिनिटं ऐकायचं, वा म्हणायचं, दुसरं लावायचं. असं ऐकत गेलं की नाट्यपदाची मैफिलीतली छोटी चीज होऊन बसते. मग तान किती दाणेदार, आलाप किती भरला, एवढंच मोजलं जातं. कोण, कुणाला, कशासाठी गातंय हा प्रश्नच उरत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण देवल-खाडिलकरांनी पदं लिहिली ती पात्रांसाठी.

‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. यातली पदं कित्येक घरांत पाठ आहेत. पण पंडित भानुशंकरांची गायकी आणि खाँसाहेब आफताब हुसेनांची गायकी यांत अभिषेकींनी जे अंतर ठेवलंय ते सुटी पदं ऐकून हाती लागत नाही. पंडितजींकडचा सूर शांत, शब्द जपणारा, भक्तीकडे झुकणारा. खाँसाहेबांचा सूर चढाईचा, तानेचा, समोरच्याला दमच न घेऊ देणारा. या दोन गायक्यांची टक्कर हाच या नाटकाचा विषय. राजगायकाच्या हाती असलेली कट्यार, तिनं केलेला एक खून माफ, आणि त्याच घरात विद्या मिळवायला शिरलेला सदाशिव, हे सगळं डोळ्यांसमोर घडत आलेलं असलं की खाँसाहेबांची तीच तान ऐकताना अंगावर काटा येतो. सुटी ऐकली तर ती नुसती चांगली तान असते.

खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चंही तसंच. श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारणारी भामिनी पुढे वनमालेचं सोंग घेते आणि त्याच्याच प्रेमात पडते. दोन्हीकडे गळा तोच, पण त्यातला तोरा उतरत गेलेला ऐकू यायला हवा. तो ऐकू यायचा तर मधले प्रवेश बघितलेले पाहिजेत.

चित्रपटानंही ही गरज भागत नाही. २०१५ चा ‘कट्यार’ मी आवडीनं बघितला. त्यामुळे कितीतरी तरुण मुलं या नाटकापर्यंत आली याचा आनंदच आहे. पण चित्रपटात गाणं कापता येतं, मागे महाल उभा करता येतो, गाणारा आणि दिसणारा वेगळा ठेवता येतो. रंगमंचावर माणूस बोलता बोलता गायला लागतो, त्याच श्वासात, त्याच जागी उभा राहून. ते बघायचं असेल तर प्रयोगाचं चित्रीकरणच बघायला हवं.

२. नांदी पळवू नका

बहुतेक जण इथेच बोट लावून पुढे जातात. पडदा उघडतो, मंडळी हात जोडून उभी असतात, ईशस्तवन चालतं, मग सूत्रधार आणि नटी येऊन आज काय करायचं ते ठरवतात. तरुण मुलांना हे लांबण वाटतं. पण ‘मधेच गायला काय लागतात?’ या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर याच पाच-सात मिनिटांत आहे. सूत्रधार नटीशी घरगुती बोलतो आणि बोलता बोलता दोघं गातात. इथे बोलणं आणि गाणं यांत कुंपण नाही हे त्यांनी बघणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं. ते ऐकून घेतलं की पुढे ‘सौभद्रा’त सुभद्रेनं रडताना गाणं म्हटलं तरी खटकत नाही.

सासूबाई नांदीला टीव्हीसमोरही उभ्या राहतात. खुर्चीच्या हाताला धरून का होईना, उभ्या राहतातच.

३. गाणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याकडे बघा

नाट्यगृहात बसलं की नजर आपोआप गाणाऱ्याकडे जाते. घरी बघताना एक मुभा असते: तोच प्रवेश पुन्हा लावून या वेळी दुसऱ्या पात्राकडे बघायचं. पद चालू असताना ते काय करतंय? ज्याला उद्देशून गाणं चाललंय तो ऐकतोय का? की आपली पाळी येईपर्यंत नुसता उभा आहे?

संगीत नाटकाची खरी परीक्षा मला इथे वाटते. पद पाच-सहा मिनिटं चालतं. गद्य नाटकात एवढा वेळ गप्प राहून ऐकायचं काम नटाला क्वचितच पडतं. इथे ते दर प्रवेशात आहे. जो नट हे ऐकणं निभावतो तो समोरच्याचं गाणंही वर नेतो, आणि जो उपरण्याचं टोक चाचपत उभा राहतो तो उत्तम गाण्यावरही पाणी टाकतो.

एका हौशी संस्थेचं ‘सौभद्र’ आमच्याकडे आहे. कॅमेरा एकच, प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला तिकाटण्यावर ठेवलेला, अख्खा वेळ न हललेला. कृष्ण-रुक्मिणीच्या प्रवेशात रुक्मिणी गाते आहे. आवाज बेताचाच, वरच्या सुरावर जरा ताणलेला. पण कृष्ण झालेला गृहस्थ पहिल्या ओळीला तिच्याकडे पाठ करून विडा जुळवतोय. दुसऱ्या ओळीला त्याचे हात थांबतात. पद अर्ध्यावर येतं तेव्हा विडा तसाच तबकात राहिलेला असतो आणि तो वळलेला असतो. वळताना चेहऱ्यावर हसू आहे, पण ते तिला दिसू नये एवढी मान खाली. ती थांबायच्या आधीच आपल्याला कळतं की हा पुरता विरघळलाय आणि तरीही हे कबूल करणार नाही. कृष्णाचं सगळं नाटकभर चाललेलं राजकारण, बलरामाला न कळता सुभद्रा अर्जुनाला मिळवून देण्याची सगळी खटपट, या एका वळण्यात दिसली. त्या गृहस्थांचं नाव फितीवर नाही. ते कोण असतील ते असोत, मी त्यांना मोठा नट मानते.

म्हणूनच माझं मत असं झालंय की मागून एकाच कॅमेऱ्यानं केलेलं साधं चित्रीकरण पुष्कळदा चार कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाहून अधिक देतं. स्टुडिओत पद सुरू झालं की कॅमेरा गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच राहतो. मधेच तबलजीचा हात, मधेच ऑर्गन. ऐकणारा मात्र चौकटीबाहेर. सासूबाईंना हे पटत नाही. त्यांना कीर्ती शिलेदारांचा चेहरा जवळून हवा असतो, आणि तो बघताना मलाही त्यांच्याशी भांडवत नाही. जयमालाबाई आणि कीर्ती या मायलेकींच्या गाण्यात शब्द आधी चेहऱ्यावर उमटतो, मग गळ्यातून येतो. तिथे जवळचा कॅमेरा हवाच.

४. नाटकाचं पुस्तक मांडीवर असू द्या

ही आमची सगळ्यांत फळलेली सवय. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांच्या नाटकांची पुस्तकं मिळतात, जुन्या प्रती इंटरनेटवर वाचायलाही सापडतात. नाटक लावायचं आणि पुस्तक उघडं ठेवायचं. कुठे काय गाळलंय ते ताबडतोब दिसतं.

पुष्कळच गाळलेलं असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा त्या रात्री सातांपैकी चारच अंक झाले होते, यावरून लांबीची कल्पना यावी. ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदं, १८८२ साली आलेल्या ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक. खेळ रात्रभर चालत. आज आपल्याला मिळतो तो अडीच-तीन तासांत बसवलेला प्रयोग. गाळावं लागतं याबद्दल माझी तक्रार नाही. काय गाळतात याबद्दल आहे.

सगळ्यांत आधी कात्री लागते ती साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांना. ही मोठी पदं नव्हेत. दोन-चार ओळींच्या साध्या चाली, ना तान ना ठेका रंगवायला जागा. गायक-नटाला त्यांत वाव नाही म्हणून ती सुटतात. पण किर्लोस्करांच्या नाटकाचा कणा तीच आहेत. अण्णासाहेबांनी चाली उचलल्या त्या कीर्तनातून, लावणीतून, कर्नाटकातल्या गाण्यांतून, बायकांच्या गाण्यांतून. लोकांच्या कानावरचंच त्यांनी रंगमंचावर आणलं. साकीत गोष्ट भरभर पुढे सरकते, दिंडीत पात्र मनातलं दोन ओळींत सांगून टाकतं, आणि मग मोठं पद येतं तेव्हा त्याला उभं राहायला जमीन मिळालेली असते. ती जमीन काढून घेतली की एका मोठ्या पदावरून दुसऱ्यावर नुसत्या उड्या, आणि बघणाऱ्याला वाटतं की जुन्या नाटकांत कथानकच नसायचं.

पुस्तक हाती असलं की गाळलेली दिंडी निदान वाचता येते. सासूबाईंना चाल येत असेल तर त्या चित्र थांबवायला लावतात, दिंडी म्हणतात आणि मग ‘हं, चालू दे’ म्हणतात. ‘सौभद्र’ सलग कळलं ते मला असं.

कोणत्या प्रयोगात साक्या-दिंड्या राखल्यात ते बघून मी तो प्रयोग किती गांभीर्यानं बसवलाय ते ठरवते. हौशी संस्थांत, विशेषतः राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींत, असे प्रयोग अजून सापडतात. गोव्यात देवळांच्या उत्सवात नाटक करायची रीत जिवंत आहे, आणि तिथे चाली कानानं कानाला पोचलेल्या असतात. नवीन वाटलेली एखादी जागा खूप जुनी निघते ती अशा चित्रीकरणांत.

५. टीव्हीच्या आवाजावर भरवसा नको

थोडक्यात सांगते. पातळ टीव्हीचा आवाजही पातळ असतो. तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही, ऑर्गन मात्र कर्कश होतो. जुना का असेना, वेगळा स्पीकर जोडा. आवाज फार मोठा ठेवू नका. जुन्या चित्रीकरणांत माइक रंगमंचाच्या कडेला ठेवलेले असत, त्यामुळे नट मागे गेला की संवाद बुडतो आणि पुढे आला की गाणं अंगावर येतं. हा दोष यंत्राचा. दर वेळी आवाज कमी-जास्त करत बसलं तर नाटक हातून जातं, त्यापेक्षा कान लावून बसावं. तो दहा-पंधरा मिनिटांत सरावतो.

६. वन्समोअर अंक संपल्यावर

घरी बघताना मोठा मोह मागे जाण्याचा. जागा आवडली की लगेच पुन्हा लावायची. आमच्या घरात यावर नियम झालाय: अंक पडल्याशिवाय मागे जायचं नाही. हा नियम सासूबाईंचा. त्यांचं म्हणणं, वन्समोअर मागावा तो नटाकडे. तो पुन्हा गातो तेव्हा दुसरं काहीतरी गातो. फितीवर ते पुन्हा तेच निघणार. बरोबर आहे. जुन्या रंगभूमीवर एका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्समोअर पडत आणि दर खेपेला गाणारा नव्या जागा काढी. रात्र त्यातच सरायची. फितीवर ही वाढ होत नाही.

पण प्रेक्षकांसमोर झालेल्या प्रयोगाचं मुद्रण असेल तर या देवघेवीचा थोडा तरी अंश मिळतो. टाळी कुठे पडली, कुठे नुसताच ‘अहाहा’ आला, टाळीनंतर गाणाऱ्यानं सूर कसा धरून ठेवला, हे ऐकण्यासारखं असतं. स्टुडिओतलं मुद्रण स्वच्छ असतं, पण गाणारा एकटा पडलेला असतो. समेवर येऊन तो क्षणभर थांबतो आणि समोरून काहीच येत नाही. दोन्ही उपलब्ध असतील तर मी प्रेक्षकांतलंच निवडते, मधे कुणी खोकलं आणि कुणाचं पोर रडलं तरी.

मध्यंतरही ठेवावं. दुसऱ्या अंकानंतर दिवा लावायचा, चहा करायचा, झालेल्या भागावर बोलायचं. सलग बघितलं की तिसऱ्या अंकापाशी कान थकतो आणि सगळी पदं सारखी वाटू लागतात.

७. तरुणांना ‘संशयकल्लोळ’ दाखवा, आणि मग ‘शारदा’

संगीत नाटक पहिल्यांदा बघणाऱ्याला ‘स्वयंवर’ लावून देऊ नये. भास्करबुवा बखल्यांचं संगीत आहे, पदं रागदारीत भिजलेली आहेत, पण गोष्ट संथ. नवखा माणूस अर्ध्यावर उठेल आणि पुन्हा येणार नाही. ‘संशयकल्लोळ’ लावावं.

या नाटकाचं मूळ मोलियरच्या फ्रेंच प्रहसनात. ते इंग्रजीतून देवलांकडे आलं आणि त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून गद्यात लिहिलं. पदं घातलेला ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आला तेव्हा देवल हयात नव्हते. पण बघताना यातलं काहीही परकं वाटत नाही. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, बायकांत कृत्तिका, रेवती, मघा, सगळी महिन्या-नक्षत्रांची माणसं. भररस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो ते नेमकं त्याची बायको बघते. आणि रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर बायकोच्या हाती फाल्गुनरावाला दिसते. झालं. पुढे तीन तास प्रत्येक जण अर्धंच बघतो आणि पुरतं समजून चालतो.

माझ्या लेकाचे मित्र एकदा पावसामुळे घरी अडकले तेव्हा हे लावलं. पहिल्या पदाला मुलांनी मोबाइल काढले. दुसऱ्या अंकात फाल्गुनराव तसबीर हातात घेऊन बायकोची उलटतपासणी करू लागला तेव्हा मोबाइल खाली ठेवले गेले. आणि अश्विनशेठनं पद सुरू केलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘अरे, हा आता गाण्यातही खोटंच समजून घेतोय.’ पद हे पात्राच्या डोक्यातलं असतं, ते पात्र चुकत असेल तर पदही चुकीच्या समजुतीवर उभं असतं, हे त्याला कुणी न सांगता कळलं.

एकदा ही गोडी लागली की ‘शारदा’. १८९९ सालचं नाटक. पैशाच्या लोभानं मुलगी विकणारा बाप कांचनभट, बोहल्यावर चढायला निघालेला जख्ख म्हातारा भुजंगनाथ, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि हे लग्न मोडायला उभा राहिलेला तरुण कोदंड. किर्लोस्करी रंगभूमी तोवर शकुंतला-सुभद्रांत रमली होती. देवलांनी तिच्यावर शेजारच्या घरातली मुलगी आणली. पदांची भाषा बघा: संस्कृत समास जवळजवळ नाहीत, मुलगी आईशी बोलावी तसं गाणं आहे. भुजंगनाथाच्या प्रवेशांना प्रेक्षक हसतात, हसण्यासारखेच आहेत ते. पण हसणं ओसरलं की शारदा गाते आणि आपण कशाला हसलो हे जाणवून जीव खाली जातो.

सासूबाईंच्या आजीचं लग्न नकळत्या वयात बिजवराशी झालं होतं. ‘शारदा’ बघताना त्या पहिल्यांदा याबद्दल बोलल्या. चित्र थांबवलं नाही, आवाजही कमी केला नाही, पद चालू असतानाच सांगत राहिल्या: आजी ‘शारदे’ची पदं म्हणायची, पण घरात पुरुषमाणूस नसताना. माझ्या लेकीनं हे सगळं ऐकलं. त्या रात्री ती पुस्तक घेऊन बसली आणि उरलेला अंक वाचून काढला.

८. चित्र नसेल तर डोळे मिटून ऐका

जे सगळ्यांत मोठं होतं त्याचं चित्रीकरण आपल्याकडे नाही, हे मनात धरूनच या सगळ्याकडे बघावं लागतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी एका रंगमंचावर. त्या रात्रीचं चित्र नाही, आवाज नाही. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले.

बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत आणि त्या ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावत असे. रंगमंचावर जे पद वन्समोअर घेत अर्धा-अर्धा तास फुले, ते इथे आवळून बसवलेलं आहे. जागा आहेत, पण त्यांच्यामधली विश्रांती नाही. दुसरं, साथ. त्यांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष असे उस्ताद होते. नाटकाला एवढी साथ कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला पदाच्या मधल्या जागा ऐकवाव्यात. गळा जिथे सोडतो तिथून सारंगी उचलते आणि शब्दाचा भाव तसाच पुढे नेते.

चेहरा बघायचाच असेल तर १९३५ चा प्रभातचा ‘धर्मात्मा’ आहे. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले आहेत, म्हणजे स्त्रीवेषात नाहीत. तो चित्रपट बघून त्यांच्या रंगमंचावरच्या रूपाचा अंदाज बांधायला जाऊ नये. त्याकरता तबकड्याच बऱ्या. आम्ही दिवा मालवतो, ‘एकच प्याल्या’तला सिंधूचा प्रवेश पुस्तकातून मोठ्यानं वाचतो आणि मग लगेच त्यातलं बालगंधर्वांचं पद लावतो. तिच्या नवऱ्याचे, सुधाकराचे, संवाद माझे यजमान वाचतात. पदाची पहिली ओळ त्या संवादातून कशी निघते ते एवढ्यानंही कळतं. नाटककार गडकरी हे नाटक रंगभूमीवर यायच्या आधी, जानेवारी १९१९ मध्ये, वारले. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. संवाद एकाचे आणि पदं दुसऱ्याची असूनही शिवण दिसत नाही, आणि ती का दिसत नाही याचं उत्तर मला बालगंधर्वांच्या शब्दोच्चारात मिळालं. ते गद्य बोलायच्या हेलातच पदाचा पहिला शब्द घेतात.

९. कपाटातल्या फिती बाहेर काढा

गावोगावच्या नाट्यसंस्थांनी आणि हौशी घरांनी व्हीएचएसवर, कॅसेटवर कितीतरी प्रयोग मुद्रित केले होते. भालचंद्र पेंढारकरांसारख्या माणसानं वर्षानुवर्षं नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं, ते एका नटाचं व्रत होतं. बाकीचं आपल्यासारख्यांच्या माळ्यावर पडून आहे. या फिती टिकत नाहीत. दमट हवेत त्यांना बुरशी धरते. पांढुरके ठिपके दिसले तर ती फीत तशीच यंत्रात घालू नये, सफाई जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावी आणि लगेच संगणकावर उतरवून घ्यावी. दोन प्रती कराव्यात आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवावी.

आणि नावं लिहावीत. नाटक, संस्था, गाव, तारीख, भूमिका हे तर लिहायचंच, पण ऑर्गन कुणाचा, तबला कुणाचा, मागून प्रॉम्प्टिंग कोण करत होतं, रंगभूषा कुणाची, हेही. संगीत नाटक साथीवर चालतं आणि फितीवर साथीदारांचंच नाव नसतं. सासूबाईंच्या भावाकडे सांगलीच्या एका प्रयोगाची व्हीएचएस सापडली. ‘मृच्छकटिक’, वर नुसतं ‘मृच्छ’ आणि साल पुसलेलं. आम्ही ती उतरवून घेतली आणि सासूबाईंनी आपल्या जुन्या मैत्रिणींना एकामागून एक फोन लावले. वसंतसेना ओळखली गेली, शकार ओळखला गेला. ऑर्गनवाले मैत्रिणींपैकी एकीचे दीर निघाले. तबलजीचा फक्त उजवा हात आणि मनगटावरचं घड्याळ चौकटीत येतं. मिरजेत एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्या काळी सगळ्या संस्थांच्या तालमींना ते जात. तबल्याचा तेवढा तुकडा मी वेगळा काढून त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवलाय. ठेका ऐकून हात ओळखता येईल असं ते म्हणाले आहेत.